मानाचा घडा

मी एक जुना तांब्याचा घडा आहे, मित्रांनो. पोट मोठं, मान लांब आणि इतकी अरुंद की लहान मुलाचा हातसुद्धा आत जाणार नाही. लोक माझ्या या मानेचं फार कौतुक करायचे. काय डौल आहे, म्हणायचे. पण माझ्या पोटात काय चाललं आहे ते कोणाला दिसलं नाही, तेही या मानेमुळेच. म्हणून माझी गोष्ट ऐकताना डौलाकडे फार लक्ष देऊ नका.

माझा जन्म काशान शहराच्या तांबट आळीत झाला. तिथे सकाळपासून ठोक्यांचा असा दणका असतो की शेजारी शेजारी बसणारे तांबट भांडतातसुद्धा हातवाऱ्यांनी. मला ठोकून घडवलं तेव्हा मी बाहेरून लालबुंद होतो आणि आतूनही तसाच. मग कल्हईवाल्याने मला निखाऱ्यांवर धरलं, नवसागराची चिमूट टाकली, कथील वितळवून माझ्या पोटात घुसळलं. माझं पोट आतून पांढरंशुभ्र झालं. मला वाटलं, चला, आता जन्माची सोय झाली. कल्हई जन्माची नसते, ती झिजते, हे मला पुढे कळलं.

मला विकत घेतलं जवळच्या कमसर गावच्या एका गुलाबवाल्या घराने. त्या घरच्या थोरल्या खानम, म्हणजे थोरल्या बाईसाहेब, बोलायला फटकळ आणि कामाला पक्क्या. त्यांची नवी सून इस्मत तेव्हा त्यांच्या मागे मागे हिंडून सगळं शिकत होती. तिच्या डोक्यावरून अंगभर पांघरायची चादर सारखी घसरायची आणि सासू सारखी ओरडायची. हीच इस्मत पुढे इस्मत खानम झाली. माझी गोष्ट खरं म्हणजे तिचीच आहे.

कमसरच्या बागा वसंत भरात आला की फुलतात. फुलं दव वाळायच्या आत खुडायची, ऊन चढलं की वास उडाला. पाकळ्या ओच्यात, ओच्यातून मोठ्या देगेत, वर पाटाचं पाणी, झाकणाच्या कडेला मातीचा लेप आणि खाली आच. वाफ दोन तिरक्या नळ्यांतून खाली उतरते आणि माझ्या तोंडात शिरते. मी त्या वेळी गार पाण्याच्या टाक्यात गळ्यापर्यंत बसलेला असतो. वाफ माझ्या पोटात आली की तिचं पाणी होतं. तेच गुलाबपाणी. ते निवलं की त्याच्यावर तुपासारखा बारीक तवंग धरतो, तो पिसाने टिपून घेतात. तेच अत्तर. ओच्यामागून ओचे फुलं ओतावीत तेव्हा करंगळीएवढ्या कुपीचा तळ ओला होतो. अत्तरवाले येऊन ते डोळे मिटून हुंगतात आणि डोळे उघडून घासाघीस करतात. गुलाबपाणी मिठाईवाल्यांकडे जातं, सरबतवाल्यांकडे जातं, मशिदी धुवायला जातं, लग्नात पाहुण्यांवर आणि मयतात कफनावर शिंपडायला जातं. माणसाला आनंद झाला काय आणि दुःख झालं काय, कमसरच्या भट्टीला काम असतंच.

थोरल्या खानमचा एक नेम होता. अक्रोड झोडून झाले की शरद ऋतूत मला काशानला पाठवायचं आणि आतून कल्हई करून आणायची. मग हिवाळाभर मी तळघरात तोंड उघडं ठेवून पडून राहायचो. आगीचा आणि नवसागराचा वास त्या महिन्यांत निघून जायचा आणि वसंतात मी पुन्हा कोरा. मला हा नेम आवडायचा. खरं सांगायचं तर आग कोणाला आवडते? पण आगीनंतर जे हलकं वाटायचं, ते आवडायचं.

एका शरदात थोरल्या खानम गेल्या. घरात सुतक, रडारड, येणारेजाणारे. माझी आठवण कोणाला येणार? इस्मतला आठवण झाली ती फुलं यायला लागल्यावर. घाईघाईने मला काशानला धाडलं, कल्हई झाली, आणि परत आलो त्याच दिवशी मला नळ्यांखाली बसवलं. माझ्या पोटात नवसागर अजून घमघमत होता. त्या खेपेचं सगळं गुलाबपाणी इस्फहानच्या एका मिठाईवाल्याकडे गेलं आणि तसंच परत आलं. बरण्या घेऊन येणाऱ्या माणसाने अंगणात सगळ्यांसमोर निरोप सांगितला, "मालक म्हणाले, तुमच्या गुलाबाला लोहाराच्या घामाचा वास येतो."

इस्मत खानमने बरण्या उतरवून घेतल्या. तो माणूस गेल्यावर तिने माझ्या मानेवर हात ठेवला आणि घरच्यांना सांगितलं, "या घड्याला पुन्हा आग दाखवायची नाही. घासायचं नाही, धुवायचं नाही. धुवायचाच तर गुलाबपाण्याने धुवायचा. याच्या अंगात आपल्या वसंतांचा वास मुरू दे."

मित्रांनो, माझ्यावर अन्याय झाला तो इथे. आणि गंमत अशी की तो मानाच्या रूपाने झाला.

कारण वास खरोखरच मुरला. वर्षामागून वर्षं गेली तसा मी रिकामा असलो तरी तळघराच्या दारापर्यंत माझा दरवळ यायचा. इस्मत खानमने मला भट्टीवरून काढलं, तिथे दुसरा घडा बसवला आणि माझ्यावर निराळं काम सोपवलं. सगळ्यात चांगलं गुलाबपाणी दोन आचांचं असतं. एकदा काढलेलं पुन्हा ताज्या पाकळ्यांवर ओतून उकळायचं. विकायचं ते काचेच्या बरण्यांत भरायचे. घरचं, आजाऱ्यांचं आणि नवसाचं ते माझ्यात. वर मेणकापडाचं बूच आणि मग ते माझ्या पोटात वर्षभर. लोक मला मानाचा घडा म्हणू लागले. बायका तळघरात यायच्या, माझ्या अंगाला हात लावून तो हात तोंडावरून फिरवायच्या. मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

पहिला हिरवा ठिपका माझ्या तळाशी उमटला तो मुगाएवढा होता. कथील तिथे झिजून तांबं उघडं पडलं होतं. गुलाबपाणी दिसायला गरीब, पण त्यात किंचित आंबटपणा असतो. उघड्या तांब्यावर ते महिनोन्‌महिने बसलं की तांब्याला खातं आणि जे खातं ते स्वतःत ठेवतं. मुगाचा वाटाणा झाला. वाटाण्याची चकती झाली. पुढे माझ्या पोटाला आतून सगळीकडे हिरवं चढू लागलं, विहिरीच्या कडेला शेवाळ चढतं तसं. मला ते कळत होतं. मला तोंड होतं, पण बूच लावलेलं.

वासात मात्र काडीचा फरक पडला नाही. हेच वाईट झालं. दूध नासलं तर नाक सांगतं. माझ्यातलं विष गुलाबाच्याच वासाचं होतं.

इस्मत खानमचं पोट दुखायला लागलं ते त्याच सुमारास. जेवणावरची वासना जायची, तोंडात सारखी लाळ यायची, उलट्या व्हायच्या. कमसरमध्ये असं झालं की म्हणतात, पोटात थंडी धरली. थंडीवर उपाय ठरलेला. गरम पाण्यात खडीसाखर आणि वर गुलाबपाणी. शेजारची गौहर म्हणजे रस्त्याचं बातमीपत्रच. ती भिंतीवरून डोकावून विचारायची, "काय खानम, आज पण चेहरा लिंबासारखा?"

"थंडी गं. हाडात शिरलीय."

"मग दोन आचांचं घ्या की. घरात औषधाची विहीर आहे आणि पोट धरून बसता. आमच्या ह्यांना एवढं गुलाबपाणी पाजते, तरी बोलतात ते कांद्यासारखंच. तुम्हाला तरी गुण येईल."

इस्मत खानम हसायची आणि प्यायची. पोट जास्त दुखलं की जास्त प्यायची. ती बरी होण्यासाठी माझ्याकडे यायची आणि मी तिला आणखी आजारी करून परत पाठवायचो. हे चक्र कित्येक वर्षं चाललं आणि गावात कोणाला त्यात वावगं दिसलं नाही, कारण औषध चुकतं असं म्हणायचं तर मानाच्या घड्यावर बोट ठेवावं लागलं असतं.

मग तिचा मुलगा खैरुल्ला याचं लग्न झालं. सून आली ती काशानची, ताबंदे नावाची, उंच, सावळी, कमी बोलणारी. पहिल्याच महिन्यात पाहुण्यांच्या सरबतात माझ्यातलं गुलाबपाणी घातलं होतं. ताबंदेने घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"आई, वास सुरेख आहे," ती म्हणाली. "पण मागून जीभ आकसते. तांब्याची चव येते याला."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. इस्मत खानमने सुनेला आपादमस्तक न्याहाळलं. "काशानच्या जिभा तुमच्या. दिवसभर ठोक्यांत राहून कानाला तांबं आणि जिभेलाही तांबं. पी मुकाट्याने. असं गुलाबपाणी तुझ्या बापाने लग्नातसुद्धा पाहिलं नसेल."

सगळे हसले. ताबंदे प्यायली नाही, पण पुन्हा बोललीही नाही. नव्या सुनेने किती बोलावं याला हद्द असते आणि ती हद्द तिने त्या दिवशीच पाहून घेतली. खैरुल्लाचं म्हणाल तर तो भला माणूस. भट्टीची आच त्याला बरोब्बर कळायची, घरातली कळायची नाही.

हिवाळ्यात ताबंदेला मुलगी झाली. रोशनक नाव ठेवलं. इस्मत खानमला नातीचं इतकं वेड लागलं की ती स्वतःचं पोटदुखणं विसरली. बाळाच्या पोटात कळ आली, बाळ किंचाळलं, की ती लगबगीने तळघरात उतरायची, माझं बूच काढायची, वाटीत चार थेंब घ्यायची आणि खडीसाखरेच्या पाण्यात करंगळी बुडवून नातीच्या तोंडात द्यायची. बाळ गोड चवीने चुटुचुटु चोखायचं. "बघ, कशी शांत झाली माझी राणी," ती म्हणायची. मी तळघरातून ते ऐकायचो, मित्रांनो, आणि मला वाटायचं की माझ्या पत्र्याला चीर जावी आणि हे सगळं जमिनीत मुरून जावं. तांबं असं स्वतःहून फुटत नाही.

वसंत येईपर्यंत रोशनक वाळली. दूध टाकायची, ओकायची. पोट नगाऱ्यासारखं ताठ आणि हातपाय काड्या. डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळी झाक. गौहरने निखाऱ्यांवर बिया फोडून दृष्ट काढली. हकीम म्हणाला, थंडी. थंडी म्हटल्यावर चाराचे आठ थेंब झाले.

ताबंदे रात्रंदिवस बाळ मांडीवर घेऊन बसे. शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, "मला माहेरी जायचंय. बाळाला घेऊन."

"भट्टी पेटायच्या दिवसांत?" खैरुल्ला म्हणाला. "आई काय म्हणेल?"

"आई काय म्हणतील ते मी येऊन ऐकेन."

ती गेली. इकडे फुलं आली, भट्ट्या पेटल्या, मला नवीन दोन आचांचं गुलाबपाणी भरलं. जुन्याचा तळ काढून टाकायचीही पद्धत नव्हती. जुन्यावरच नवं ओतायचं, म्हणजे वास धरून राहतो. बरण्या विकल्या गेल्या. घर रिकामं झालं, भरलेला असा फक्त मी उरलो.

भट्ट्या विझून चाळिसावा दिवस उलटला की इस्मत खानमच्या दारात नवसाची चूल पेटे. खैरुल्ला लहानपणी तापातून वाचला होता, तेव्हाचा तो नवस. मोठ्या देगेत शोलेजर्द शिजवायचं, तांदळाची घट्ट केशरी खीर. शेवटी आचेवरून उतरवताना माझ्यातलं गुलाबपाणी ओतायचं, वर दालचिनीच्या रेघा, आणि रस्त्यातल्या प्रत्येक घराला वाडगा. पोरं सकाळपासून आपापले वाडगे घेऊन भिंतीला लागून बसायची.

त्याच सकाळी ताबंदे परत आली. तळघराच्या झरोक्यातून मला अंगणात तांदूळ ढवळणाऱ्या बायका दिसत होत्या. झरोक्याजवळच तिने काखेतली रोशनक सासूच्या हातात दिली. गालांवर मांस आलं होतं पोरीच्या. डोळे दुधासारखे पांढरे. तिने आजीची चादर मुठीत धरून ओढली.

इस्मत खानमचे डोळे भरून आले. "कोणत्या हकिमाचं औषध?"

"कोणाचंच नाही," ताबंदे हळू आवाजात म्हणाली, बायकांना ऐकू जाऊ नये इतपत. "आई, मी हिला तिकडे काही दिलं नाही. फक्त तुमचं गुलाबपाणी दिलं नाही."

मला वाटलं, आता सासू उसळणार. ती उसळली नाही. तिने नात सुनेकडे परत दिली आणि ती तळघराच्या पायऱ्या उतरू लागली. तिला काय वाटत होतं ते मी सांगू शकत नाही. पण ती माझ्यासमोर एक हात आपल्या पोटावर दाबून उभी राहिली. मग तिने डोक्याच्या पांढऱ्या रुमालाचा एक पदर फाडला, तो कोपऱ्यातल्या एका बारीक गजाला गुंडाळला, माझं बूच काढलं आणि गज आत घालून माझ्या पोटाची भिंत पुसली.

रुमाल बाहेर आला तो हिरवा.

तिने पुन्हा पुसलं. पुन्हा हिरवा. ती पायरीवर बसली. ताबंदे तिच्या मागोमाग आली होती. तिनेही तो रुमाल पाहिला. 

"खीर उतरवायला आली," ताबंदे म्हणाली. "मी गौहरकडून बरणी मागून आणते. तिच्याकडे असेल."

"गौहरकडून?" इस्मत खानमने मान वर केली. "माझ्या नवसाला गौहरचं गुलाबपाणी? पूर्ण रस्ता अंगणात बसलाय, ताबंदे. घडा वर का नाही आला, विचारतील. काय सांगू?"

"जे आहे ते."

"जे आहे ते सांगितलं तर उद्या या घराचं गुलाबपाणी कोणी कफनावर तरी शिंपडेल का?" ती उठली. तो रुमाल तिने चादरीच्या आत खोचला. "तू रोशनकला घेऊन आतल्या खोलीत बस. कडी लाव. तिला बोटभरसुद्धा चाटवायचं नाही."

"आणि बाहेरची मुलं?"

"केवढी मोठी देग आहे. हे त्यात कुठे जाईल कळायचंही नाही. आणि ती काय रोज पिणार आहेत?"

ताबंदेने तोंड उघडलं. माझा सगळा जीव त्या तोंडाकडे लागला होता. पण मग काखेतलं बाळ कुरकुरलं, तिने त्याला छातीशी धरलं, आणि ती पायऱ्या चढून गेली. आतल्या खोलीची कडी लागल्याचा आवाज मी ऐकला. खरं ओळखलेलं माणूसही आपलं लेकरू वाचलं की गप्प बसतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. मला तिचा राग आला आणि कीवही आली.

इस्मत खानमने अंगणातली एक बाई बोलावली, दोघींनी मिळून मला उचललं आणि अंगणात आणलं. बायकांनी वाट दिली. कोणी माझ्या अंगाला हात लावून डोळ्यांना लावला. इस्मत खानमने मला देगेवर तिरकं केलं.   माझ्या अरुंद मानेतून गुलाबपाणी बुडबुड करत खिरीत पडू लागलं आणि सगळं अंगण घमघमलं.

"अहाहा," गौहर म्हणाली. "याला म्हणतात वास. खानम, मरताना मला एक वाटी द्या यातली. वर दारातच अडवलं तर वास दाखवून आत शिरेन."

बायका खदखदल्या. इस्मत खानमने मला पुरतं पालथं केलं, तळाचा शेवटचा थेंबही जाऊ दिला. तिला बहुतेक मला रिकामं झालेलं पाहायचं होतं. खीर हातोहात वाडग्यांत पडली. दालचिनीच्या रेघा ओढल्या. पोरांनी वाडगे पोटाशी धरले, पण कोणी बोट घातलं नाही.

त्याचं कारण होतं. या दाराची रीत अशी की रस्त्यातल्या सगळ्यात धाकट्या जिवाच्या तोंडात पहिला चमचा जातो आणि मगच बाकीचे खातात. ही रीत इस्मत खानमनेच पाडलेली. दरवर्षी कोणाचं ना कोणाचं तान्हं असे, कौतुक होई, ती स्वतःच्या हाताने चाटवी. यंदा रस्त्यातलं धाकटं तान्हं कोणाचं, हे त्या दिवसाच्या धांदलीत तिच्या ध्यानातून गेलं होतं. गौहरच्या नव्हतं गेलं.

"अगं ताबंदे," ती खोलीच्या दारावर थापा मारू लागली. "नवसाच्या दिवशी कडी लावून कसली बसलीस? माहेरून काय पळवून आणलंयस? आण ती पोर इकडे."

आतून ताबंदे म्हणाली, "ती झोपलीय."

"झोपलीय म्हणे. हुंकार ऐकू येतोय मला तिचा." आणि खरंच, रोशनक आत मोठ्याने बडबडत होती. बायका हसत दारापाशी जमल्या. आता कडी काढली नाही तर का नाही ते सांगावं लागणार होतं. ताबंदेने कडी काढली. गौहरने बाळ अलगद काढून घेतलं, कडेवर मारलं आणि अंगणाच्या मधोमध आली. तिने एका वाडग्यातून चमच्याच्या टोकाशी खीर घेतली, फुंकली आणि बाळाच्या ओठांजवळ नेली. रोशनकने जीभ बाहेर काढली.

"नको." इस्मत खानमचा आवाज असा फाटला की झाडावरची चिमणीसुद्धा उडाली.

चमचा हवेत थांबला. "का हो खानम? पहिला घास धाकट्याचा. तुमचीच रीत."

"आजारातून उठलीय ती."

"मग चांगलंच की. नवसाचं आहे. बोटभर चाटवते."

"तिला नको म्हटलं ना, गौहर."

गौहर ही हसऱ्या तोंडाची बाई. ते हसू तिच्या तोंडावरून उतरायला वेळ लागला. तिने चमच्याकडे पाहिलं, देगेकडे पाहिलं, मग कट्ट्यावर आडव्या पडलेल्या माझ्याकडे पाहिलं. तिचा स्वतःचा नातू वाडगा घेऊन तिच्या पायाशी उभा होता. तिने वाकून त्याच्या हातातला वाडगा काढून घेतला.

"हिला नको," ती सावकाश म्हणाली. "मग आमच्या पोरांना कसं चालतं, खानम?"



इस्मत खानमने चादरीतून तो रुमाल काढला आणि देगेच्या काठावर टाकला. "घडा आतून गेलाय," ती म्हणाली. "ओतून टाका सगळं."

"कधी कळलं तुम्हाला?"

इस्मत खानमला खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, ओतल्यावर, असं म्हणता आलं असतं. तिने जमिनीकडे पाहिलं. "ओतायच्या आधी."

  गौहरने बाळ ताबंदेच्या हातात ठेवलं आणि विचारलं, "तुलाही माहीत होतं, पोरी?" ताबंदेने बाळाचं डोकं खांद्यावर दाबून धरलं आणि मान खाली घातली. मग गौहरने नातवाचा वाडगा जमिनीवर पालथा घातला, त्याचा हात धरला आणि ती निघाली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. प्रत्येकीने वाडगा पालथा घातला आणि आपलं मूल उचललं. अंगणभर केशरी खिरीचे ढीग पडले आणि त्यांच्यावर माशा येऊन बसल्या. वास मात्र शेवटपर्यंत उत्तम होता.

खैरुल्लाने संध्याकाळी सगळं खोल पुरलं. इस्मत खानम त्या दिवसानंतर भिंतीपाशी कधी गेली नाही आणि भिंतीवरून कोणी डोकावलंही नाही. तिचं दुखणं उतरणीला लागलं नाही. पोटात साठलेलं एका दिवसात निघत नाही. पुढच्या वसंतात घरच्या बागेत फुलं नेहमीसारखी आली आणि झाडावरच सुकली, कारण खुडायला बायका आल्या नाहीत.

मला त्यांनी काशानला नेलं. फार उशिरा, पण नेलं. निखाऱ्यांवर ठेवल्यावर माझ्या अंगात मुरलेले सगळे वसंत एका धुरात निघून गेले. हिरवं जळालं, नवसागराचा भपकारा आला, कथील घुसळलं गेलं, आणि माझं पोट पुन्हा पहिल्या दिवसासारखं पांढरं झालं. आता मी कोनाड्यात असतो. माझ्यात काहीही भरा, अगदी तान्ह्या मुलालाही द्या, अपाय होणार नाही. पण भरत कोणी नाही. रोशनक चालायला लागली आहे. ती कधीकधी माझ्याजवळ येते, थाप मारते आणि माझा पोकळ आवाज ऐकून हसते. ताबंदे लगेच धावत येऊन तिला दूर नेते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं मानाचं भांडं असेल. त्याला नमस्कार करा, माझी ना नाही. पण आधी त्याच्या आत उजेड पाडा, चांगलं पुसून बघा, आणि जे दिसेल ते त्याच दिवशी, सगळ्यांसमोर सांगा.